हलत्या चित्राचे घरचे बियाणे



इतिहास शिकविणाऱ्या माणसाने संगणकाविषयी बोलावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. पण आज मला जी गोष्ट सांगावयाची आहे ती संगणकापाशी येऊन संपत असली, तरी सुरू होते ती एका मातीच्या कुंडीपासून.

साल १९१२. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब फाळके, चित्रपटाची विद्या शिकून विलायतेहून मुंबईस परत आले होते. येताना त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला कडेने भोके पाडण्याचे यंत्र मागविण्याची व्यवस्था केली होती. यंत्र आले, पण चित्रपटाला पैसा कोण देणार? हिंदी माणूस चित्रपट काढू शकतो यावर कोणाचा विश्वास बसेना. तेव्हा दादासाहेबांनी काय केले? कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, कॅमेरा समोर रोखून ठेवला आणि थोड्या थोड्या अंतराने एकेक चित्र घेत राहिले. बी फुटले, कोंब वर आला, पाने उलगडली, वेल झाला. महिनाभराची ही वाढ पडद्यावर मिनिटाभरात दिसू लागली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जाणारा हा लहानसा पट पाहून भांडवल देणारा माणूस भेटला आणि १९१३ च्या मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

या कथेत माझे लक्ष वेधून घेतात त्या सरस्वतीबाई फाळके. त्या काळी फिल्म भोके न पाडलेली येत असे. रात्री अंधारात बसून ती भोके पाडण्याचे काम त्या माउली स्वतः करीत. यंत्र घरात होते, ते उघडून पाहता येत होते, बिघडले तर दुरुस्त करता येत होते आणि घरातल्या माणसांना शिकविता येत होते. कलेचा इतिहास सांगताना आपण कलावंताचे नाव घेतो, कलाकृतीचे नाव घेतो, पण तिचे अवजार कोणाच्या ताब्यात होते हे विचारीत नाही. आज मला नेमके तेच विचारावयाचे आहे.

चित्र हलविण्याची हौस आपल्याकडे फाळक्यांच्या आधीपासून आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तिथले ठाकर समाजाचे कलावंत पिढ्यान् पिढ्या चित्रकथी सादर करीत आले. कागदावर रंगविलेली रामायण-महाभारतातली चित्रे एकापुढे एक मांडावयाची आणि वाद्याच्या साथीवर कथा सांगावयाची. त्यांच्याकडेच कळसूत्री बाहुल्याही आहेत. बाहुलीचे हात निराळे, धड निराळे. दोरी ओढली की हात उचलतो. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. बाहुली कोरणारा, रंगविणारा आणि नाचविणारा एकाच घरातला असतो, हे ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

दुसरे उदाहरण कल्याणचे. १८९२ च्या सुमारास महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे चिरंजीव यांनी ‘शांबरिक खरोलिका’ नावाचा खेळ सुरू केला. शंबर हा पुराणातला मायावी असुर. खरोलिका म्हणजे दिवा. तेव्हा हा मायेचा दिवा. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे मागून प्रकाश सोडून पडद्यावर पाडावयाची, आणि काचा अशा बेताने बदलावयाच्या की देव, दैत्य, राजे हालचाल करताहेत असे वाटावे. सोबत निवेदन आणि गाणे. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा चित्रपट पहिल्यांदा दाखविला गेला तो ७ जुलै १८९६ रोजी. पटवर्धनांचा खेळ त्याच्याही चार वर्षे आधीचा. दिवा विलायती कल्पनेचा खरा, पण तो आपल्या हाताने जुळविलेला होता, आणि चित्रे तर सगळी घरचीच.

मग हे घरचे काम घराबाहेर केव्हा गेले?

ते गेले कष्टांच्या हिशेबाने. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चित्रे सरकतात. एक रेखाटन दोन वेळा वापरले तरी सेकंदाला बारा रेखाटने झाली, मिनिटाला सातशे वीस, आणि दहा मिनिटांच्या गोष्टीला सात हजार दोनशे. इतकी चित्रे एका माणसाने काढावयाची म्हटले तर आयुष्याचा मोठा भाग त्यातच जावयाचा. म्हणून कारखाना आला. मुख्य चित्रकार हालचालीची महत्त्वाची चित्रे काढी : हात खाली आहे ते एक, हात वर गेला ते दुसरे. मधली सगळी चित्रे भरावयाला निराळे चित्रकार बसत. मग ती पारदर्शक पत्र्यांवर उतरवावयाची, मागून रंग भरावयाचे आणि एकेक पत्रा कॅमेऱ्याखाली ठेवून टिपावयाचा.

मुंबईत हे काम शास्त्रशुद्ध रीतीने सुरू झाले ते १९५६ साली, सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये. अमेरिकी तांत्रिक मदतीच्या योजनेतून क्लेअर वीक्स नावाचे गृहस्थ शिकवावयास आले. डिस्नेच्या चित्रशाळेत काम केलेला हा माणूस जन्माने भारतातला. त्यांच्या हाताखाली तरुण चित्रकार तयार झाले, आणि १९५७ साली जातककथेवरचा ‘द बन्यन डिअर’ हा पट निघाला. पुढे भारतीय ॲनिमेशनचे भीष्माचार्य म्हणून ज्यांना मान मिळाला ते राम मोहन याच विभागात घडले. १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ हा मुलांचा पट तर आपणांपैकी कित्येकांनी दूरदर्शनवर पाहिला असेल. या लोकांचे ऋण मोठेच आहे. पण आता चित्र हलविण्यासाठी खास कॅमेरा, पत्रे, रंग, मोठी जागा आणि मोठी मंडळी लागू लागली. खेड्यातल्या शाळामास्तरांच्या मनात कितीही आले, तरी आपला पाठ त्यांना हलत्या चित्रात मांडता येणे शक्य नव्हते.

हा हिशेब मोडला तो संगणकाने. कसा, ते सांगतो.

आपल्या घरी आजी ठिपक्यांची रांगोळी काढते. एका गावची बाई दुसऱ्या गावच्या बाईला ती रांगोळी पाठविते ती कशी? चित्र पाठवीत नाही. ती सांगते, ‘इतके ठिपके, इतक्या ओळी, या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत अशी वळणदार रेघ.’ तेवढ्यावरून दुसरी बाई हवी तेवढी मोठी रांगोळी काढू शकते. अंगण मोठे असो की उंबरठा लहान असो, रेघ फाटत नाही. संगणकात चित्र ठेवण्याच्याही अशाच दोन रीती आहेत. एका रीतीत फोटोसारखे रंगाचे बारीक कण साठवितात. चित्र मोठे केले की ते कण चौकोनी दिसू लागतात. दुसऱ्या रीतीत फक्त बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचे गणित साठवितात. तिला व्हेक्टर चित्र म्हणतात. वळणदार रेषांचे हे गणित १९६० च्या आसपास फ्रान्समधल्या मोटारीच्या कारखान्यांत तयार झाले. सिट्रोएनमध्ये द कास्तेल्झो आणि रेनोमध्ये बेझिए हे दोघे मोटारीच्या पत्र्याचा बाक नेमका कसा मांडावा याच्या मागे होते. त्याच सुमारास, १९६३ साली, अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी संगणकाच्या पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने रेषा काढून दाखविली.

आता गंमत पाहा. चित्र बिंदूंचे असेल, तर हात खाली असतानाचे बिंदू आणि हात वर असतानाचे बिंदू एवढे सांगितले की मधले सगळे बिंदू संगणक गणिताने काढतो. मधली चित्रे भरणाऱ्या मंडळींचे काम यंत्राने उचलले. पिंगुळीच्या बाहुलीसारखे हात, धड, डोके निराळे ठेवून त्यांना सांधेही देता येतात. म्हणजे चित्र हलविण्याचे काम पुन्हा एका माणसाच्या, एका घराच्या आवाक्यात आले.

पण आवाक्यात आले तरी मालकीचे झाले का? इथे खरा प्रश्न आहे.

१९९६ साली फ्यूचरस्प्लॅश नावाचे या जातीचे एक सॉफ्टवेअर निघाले. त्याच वर्षाच्या अखेरीस मॅक्रोमीडिया कंपनीने ते घेतले आणि त्याचे नाव फ्लॅश ठेवले. २००५ मध्ये अॅडोबी कंपनीने मॅक्रोमीडियाच घेतली. फ्लॅश उत्तम होते यात शंका नाही. जगभरच्या हौशी चित्रकारांनी, खेळ करणाऱ्यांनी आणि शिक्षकांनी त्यात काम केले. हृदयाचे ठोके, ग्रहांचे फिरणे, बी रुजणे, असे कितीतरी पाठ त्यात तयार झाले. पुढे मोबाइल आले, सुरक्षिततेचे प्रश्न आले, नवी तंत्रे आली. कंपनीने २०१७ मध्ये सूचना देऊन ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश चालविणारे साधन बंद केले, आणि १२ जानेवारी २०२१ पासून ते चित्र दाखविनासे झाले. कंपनीचा त्यात गुन्हा नव्हता. वस्तू तिची, तिने ती पूर्वसूचना देऊन मिटविली. पण ज्यांनी रात्री जागून पाठ केले होते त्यांचे काय? चित्रे त्यांची, कल्पना त्यांची, श्रम त्यांचे. किल्ली मात्र दुसऱ्याच्या कमरेला. त्या जुन्या फायली पुन्हा चालाव्यात म्हणून पुढे ‘रफल’ नावाचे साधन काही लोकांनी आपखुशीने तयार केले, आणि ते सर्वांना खुले ठेवले, म्हणून त्यांतल्या पुष्कळशा आज उघडतात तरी.

आपण शेतकरी मंडळी हे दुखणे चांगले ओळखता. कणगीतले घरचे बी आपले असते. ते पेरता येते, निवडून सुधारता येते, शेजाऱ्याला पसाभर देता येते. संकरित वाणाचे पीक भरघोस येते, पण त्याचे बी पुढच्या वर्षी विकतच आणावे लागते, आणि दुकानदाराने ते ठेवणे बंद केले तर आपण हात चोळीत बसतो. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी घरच्या बियाण्यासारखे सॉफ्टवेअर करण्याची चळवळ सुरू केली. त्यांचे म्हणणे चार कलमांत सांगता येते : कोणत्याही कामासाठी वापरा, आतली रचना उघडून पाहा आणि बदला, दुसऱ्याला प्रत द्या, सुधारलेली प्रतही द्या. पुढे याचा कायदेशीर परवानाही तयार झाला. बहुतेक वेळा हे सॉफ्टवेअर फुकट मिळते, पण फुकट ही त्यातली दुय्यम गोष्ट. मुख्य गोष्ट ही की ते कोणाला बंद करता येत नाही.

याचा पुरावा आपल्या विषयातच आहे. रॉबर्ट क्वाटलबम नावाच्या अमेरिकन तरुणाने आपल्या लहानशा चित्रशाळेसाठी सिनफिग नावाचे सॉफ्टवेअर लिहिले. थोड्या माणसांत चांगले ॲनिमेशन व्हावे, मधली चित्रे हाताने काढावीच लागू नयेत, हा हेतू. चित्रशाळा चालली नाही, ती बंद पडली. एरवी अशा वेळी सॉफ्टवेअरही कंपनीबरोबर पुरले जाते. क्वाटलबम यांनी मात्र २००५ साली ते मुक्त परवान्याखाली जगाला देऊन टाकले. दुसऱ्या लोकांनी ते उचलले, दुरुस्त केले, वाढविले, आणि २०१५ साली त्याची १.० ही आवृत्ती निघाली. त्यांत मोठा वाटा रशियातल्या कॉन्स्टंटिन दिमित्रिएव्ह यांचा. अल्ताय डोंगरांच्या प्रदेशातला हा माणूस मुलांना ॲनिमेशन शिकवितो आणि मार्या मोरेव्ना या रशियन लोककथेवर मुक्त साधनांनी पट करतो. मोठे कारखानेही या वाटेने आले. जपानच्या जिब्ली चित्रशाळेत वापरात असलेले टून्झ हे इटालियन सॉफ्टवेअर २०१६ साली ओपनटून्झ या नावाने सर्वांना खुले झाले. हाताने रेखाटणाऱ्यांसाठी पेन्सिल टूडी आहे, ते तर अगदी साधे.

दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. फ्लॅशची कंपनी भरभराटीत असताना फ्लॅश संपले. सिनफिगची कंपनी बुडाली आणि सिनफिग जगले. अवजार कोणाच्या ताब्यात होते, एवढाच दोहोंतला फरक.

आता थोडे आमच्या जोगेश्वरीचे. मुंबईच्या या उपनगरात प्राचीन शैव लेणी आहेत, आणि इथूनच पूर्वेस विक्रोळीकडे जाणारा रस्ता पवईवरून जातो. पवईला आय.आय.टी. आहे. तिथे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचा उपक्रम केंद्र सरकारच्या साहाय्याने सुरू झाला. दहाएक मिनिटांचा एकेक बोलका पाठ असतो. पडद्यावर सॉफ्टवेअर चालताना दिसते आणि भारतीय भाषांतून समजावून सांगणारा आवाज ऐकू येतो. पाठ थांबवावयाचा, शेजारी तेच करून पाहावयाचे, मग पुढे जावयाचे. या पाठांत सिनफिगही आहे.

मी त्या वाटेने गेलो तो इतिहासाच्या नकाशासाठी. मुंबईची सात बेटे भराव घालून एक कशी झाली, हे मुलांना फळ्यावर सांगून पटत नसे. मी आणि चार विद्यार्थी जुन्या संगणकावर सिनफिग घेऊन बसलो. पहिला नकाशा बेटांचा, शेवटचा आजचा, आणि मधे खाड्या हळूहळू बुजताहेत, किनारा सरकतो आहे. वीस सेकंदांचे काम, पण आठ-दहा संध्याकाळी गेल्या. झाल्यावर मोठ्या ऐटीने वर्गात दाखविले. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘सर, माहीम आणि वांद्रे सुरुवातीलाच चिकटलेले कसे? माहीमचा कॉजवे तर १८४५चा.’ खरेच होते. अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून झालेला तो रस्ता मीच वर्गात शिकविला होता, आणि नकाशात मीच चुकलो होतो! आमची साष्टी बेटाची जोगेश्वरी मी शंभर वर्षे आधीच मुंबईला नेऊन जोडली होती.

चूक मान्य केली. पण दुरुस्ती कशी करावयाची? वीस सेकंदांची चारशे ऐंशी चित्रे. जुन्या रीतीत दोनाला एक धरले तरी सरकत्या किनाऱ्याची दोनशे चाळीस रेखाटने पुन्हा करावी लागली असती. म्हणजे आम्ही ती चूक तशीच दडपली असती. इथे पहिल्या नकाशातले माहीमच्या टोकाचे काही बिंदू मागे सरकविले. मधल्या सगळ्या चित्रांतली खाडी आपोआप उघडली. पाच मिनिटांचे काम. तिनेच ते केले. मला वाटते, शिक्षकाच्या दृष्टीने या साधनाचा सर्वांत मोठा गुण हाच. चूक सुधारणे इतके सोपे असेल, तर खोटे शिकवीत राहण्याला सबब उरत नाही.

याचा अर्थ सगळे सुखाचेच आहे असे नाही. सिनफिग नवशिक्याला जड जाते. त्याची बटणे समजावयास वेळ लागतो, जुन्या संगणकावर ते कधी अडकून बसते, म्हणून काम वरचेवर साठवीत राहावे. त्याची देखभाल करणारी माणसे मूठभर आहेत. आणि घरचे बीही कोणी पेरलेच नाही तर कणगीत किडून जाते. फाळक्यांनी काड्यापेटीतल्या काड्या नाचवून केलेला ‘आगकाड्यांची मौज’ हा पट आज उपलब्ध नाही. साधन आपले असले तरी जपण्याचे कष्ट आपल्यालाच घ्यावे लागतात. म्हणून गुरुजींनो आणि बाईंनो, केलेल्या कामाच्या मूळ फायली दोन ठिकाणी ठेवा, आणि दुसऱ्या शाळेला उघडपणे द्या. पाच शाळांत गेलेली वस्तू सहसा हरवत नाही.

सुरुवात कशाने करावी असे कोणी विचारले तर माझे उत्तर ठरलेले आहे. शाळेच्या आवारात एका कुंडीत वाटाणा पेरा. मुलांना तो रोज पाहू द्या, कोंबाची उंची पट्टीने मोजून वहीत लिहू द्या. मग त्या वहीवरून संगणकावर तीन-चार चित्रे काढा : बी, कोंब, दोन पाने, वेल. मधली वाढ संगणक भरील. ती खऱ्या वाढीशी जुळते की नाही हे मुलेच वही उघडून सांगतील, आणि जुळत नसेल तिथे बिंदू सरकवतील. असा पहिला वेल पडद्यावर चढेल तेव्हा त्या वर्गाला दादासाहेबांची आणि रात्री अंधारात बसून फिल्मला भोके पाडणाऱ्या सरस्वतीबाईंची गोष्ट अवश्य सांगा.